गिरणीत डबे घेणं बंद कधी करायचं?

सांगलीच्या गावभागात आमची पिठाची गिरणी आहे. खाली गिरणी, वर घर. नदी चालत दहा मिनिटांवर. पावसाळा आला की ओळखीचे, पाव्हणे, लेकीच्या मैत्रिणींच्या आया हमखास विचारतात, "पुरासाठी काय काय भरून ठेवायचं हो?" बॅगेत काय भरायचं हे आता कुणीही सांगतं. टॉर्च, औषधं, कागदपत्रं प्लास्टिकमध्ये, बिस्किटं. २०१९ मध्ये माझ्याकडंही अशी बॅग होती, अगदी चेन लावून तयार. पण ती उचलून घराबाहेर पडायचं कधी, हे कुणी ठरवलेलंच नव्हतं. म्हणून बॅग भिजली आणि आम्ही बोटीतून बाहेर आलो.

ते आधी सांगते.

२००५ च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी जवळपास ५४ फुटांवर गेलं होतं. तेव्हा आमच्या गिरणीत छातीएवढं पाणी होतं. सासऱ्यांनी भिंतीवर ऑइलपेंटनं रेघ मारून तारीख घातली. पुढची चौदा वर्षं ती रेघ म्हणजे आमच्या घरातला कायदा. सामान ठेवायचं ते रेघेच्या वर. मी बॅगही रेघेच्या वर, खालच्याच मजल्याच्या माळ्यावर ठेवली होती. शहाणपणाच केला होता माझ्या मते.

५ ऑगस्ट २०१९, सोमवार. टीव्हीवर दिवसभर काश्मीर आणि ३७० कलम. आमचे हे त्या दिवशी तीनदा पुलावर जाऊन आले. सकाळी आले आणि म्हणाले, "चढतंय, पण बघू." दुपारी, "२००५ ला अजून लांब आहे." संध्याकाळी, "रात्रीत उतरेल बहुतेक, बघू." मी पण काही वेगळी नव्हते. मी म्हणत होते, एवढे डबे आलेत, दळून देते, मग बघू. रात्री उशिरा मोरीत भांडी घासत होते तर जाळीतून बुडबुडे यायला लागले. आधी वाटलं पाइप तुंबला. मग काळं पाणी वर आलं, त्यात गव्हाचा कोंडा तरंगत होता. आमचाच, सकाळी झाडून गटारीत गेलेला. पाणी नदीच्या बाजूनं रस्त्यावरून येईल म्हणून आम्ही दाराकडं बघत बसलो होतो आणि ते मागून, गटारीनं आलं. दार उघडून बघितलं तर गल्लीच्या तोंडाशी, चौकात, गुडघ्याच्या वर पाणी. घर कोरडं, उंबरा कोरडा आणि रस्ता गेलेला.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. तेव्हा पंच्याहत्तरीच्या, दोन्ही गुडघे गेलेले, इन्सुलिन चालू. त्यांना अंधारात गुडघाभर पाण्यातून नेणार कोण? वर थांबलो. खाली मोटर सोडवायचा प्रयत्न केला तर पायाचे नट गंजलेले, पाना निसटत होता, यांच्या बोटांची सालं निघाली. एक नट निघायला पाऊण तास. मग लाइट गेली. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. सासऱ्यांची रेघ बुडाली, माळा बुडाला, बॅग बुडाली. बुधवारी बोट आली. चौघांनी आत्यांना प्लास्टिकच्या खुर्चीसकट गॅलरीच्या कठड्यावरून बोटीत उतरवलं. खुर्ची टेकेपर्यंत त्यांनी डोळे गच्च मिटले होते. टेकल्यावर उघडले आणि म्हणाल्या, "सोमवारी रिक्षानं गेलो असतो तर धा मिंटं लागली असती."

त्यांचं हे वाक्य मी घोकून ठेवलंय. बाकी सगळं गणित त्यातनंच काढलंय.

पहिली गोष्ट म्हणजे प्रश्न बदला. आपण विचारतो, "आपल्या घरात पाणी येईल का?" याचं उत्तर कुणीच देऊ शकत नाही, आणि उत्तर मिळेपर्यंत माणूस बघत बसतो. विचारायचं ते, "आपला रस्ता कधी बंद होतो?" याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. कारण रस्ता दर वेळी त्याच खड्ड्यात, त्याच चौकात बुडतो. आमचा उंबरा चौथऱ्यावर आहे, त्याला पाणी लागतं ते पुलाजवळ साधारण ४९ फूट असताना. पण गल्लीचं तोंड ४६ ला बंद होतं. तीन फुटांचा फरक. या तीन फुटांत माणूस कोरड्या घरात बसलेला असतो, चहा पीत असतो आणि अडकलेला असतो. म्हणून आमच्या घराचा आकडा ४९ नाही, ४६ आहे.

आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५. हे आकडे पेपरात येतात, सगळ्यांना पाठ आहेत. पण ते अख्ख्या शहरासाठी आहेत, तुमच्या घरासाठी नाहीत. सूर्यवंशी प्लॉटमधल्या माणसाला ४० म्हणजे फार उशीर, त्याच्याकडं ३० च्या आसपासच पाणी येतं. विश्रामबागेतल्या माणसाला ४५ म्हणजे फक्त बातमी. कोल्हापुरात राहत असाल तर राजाराम बंधाऱ्याचे ३९ आणि ४३ हे आकडे, पण तिथंही सुतारवाड्याचं गणित वेगळं आणि राजारामपुरीचं वेगळं. सरकारी धोक्याची पातळी ऐकून निघायचं ठरवलं तर काहीजण विनाकारण निघतील आणि काहीजण अडकतील.

मग आपला आकडा काढायचा कसा? मी काढला तो मोबाइलमधल्या फोटोंवरनं. पूर आला की आपण सगळेच फोटो काढतो. त्या फोटोवर तारीख आणि वेळ असते. पाणी वडापावच्या गाड्याच्या चाकाला लागलं होतं तो फोटो किती वाजताचा, औषधांच्या दुकानाच्या पायरीवर आलं तो किती वाजताचा, हे लेकीनं वहीत उतरवलं. मग त्या त्या दिवशी त्या वेळेला पुलाजवळची पातळी किती होती, ते जुन्या पेपरांतून आणि ग्रुपवर आलेल्या पाटबंधारे खात्याच्या तक्त्यांतून शोधलं. दोन दुपारी गेल्या, पण गल्लीचं तोंड किती फुटाला बुडतं ते इंचाच्या हिशोबानं कळलं. तुमच्याकडं फोटो नसतील तर गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. मात्र "पाणी कुठवर आलं होतं" असं विचारू नका, त्यावर तो तासभर बोलेल. "रिक्षा यायची कधी बंद झाली" असं विचारा.

आकडा कळला की तिथून मागं मोजायचं. आणि मोजायला वेग लागतो.

पुलाची पातळी नुसती बघून काही कळत नाही, दोन वेळची बघावी लागते. सकाळी सहाला ३६ फूट २ इंच आणि नऊला ३७ फूट २ इंच, म्हणजे तीन तासांत १२ इंच, तासाला ४. या वेगानं ४० ते ४६ म्हणजे ७२ इंच, अठरा तास. ऐकायला भरपूर वाटतात, पण त्यातली एक अख्खी रात्र असते. पाऊस वाढला, वरून विसर्ग वाढला की वेग बदलतो, म्हणून मी हिशोब नेहमी तासाला ६ इंचानं धरते. उरला वेळ तर नफा.

आता कामाचा वेळ. हा अंदाजानं धरू नका, घड्याळ लावून बघा. आम्ही २०२० च्या मे महिन्यात, लॉकडाऊनमध्ये तसंही काही काम नव्हतं, रंगीत तालीम केली. गिरणीची मोटर सोडवणं, पट्टा काढणं, स्टार्टर उतरवणं, फळीवरनं मोटर सरकवत दारापर्यंत आणणं याला दोन माणसांना दोन तास दहा मिनिटं लागली, तेही नटांना आदल्या दिवशी तेल सोडलेलं असताना. आत्यांना जिन्यावरून खाली आणून रिक्षात बसवायला पंचवीस मिनिटं. आम्ही धरली होती दहा. फ्रिज वर नेता येत नाही, तो विषयच सोडला. मेन स्विच, गॅस, दारं, मांजर पकडणं, या सगळ्याला मिळून तास. मांजराला त्यातला अर्धा.

हे सगळं जोडून आम्ही एक चिठ्ठी लिहिली. ती गिरणीच्या स्विचबोर्डाच्या आतल्या बाजूला चिकटवलीय. ती अशी:

"३५ आणि भिलवडी चढती: डबे बंद. आहेत ते परत. टेम्पो सांगणे.
४०: आत्या, इन्सुलिन, कागद विश्रामबागला. मोटर टेम्पोत.
४३: सगळे बाहेर. मेन बंद.
संध्याकाळी ६ वाजता पहाटेचा हिशोब.
एकानं चला म्हटलं की चला."

खाली तिघांच्या सह्या आणि आत्यांचा अंगठा. त्यांना सही येते, पण म्हणाल्या अंगठा पक्का असतो.

४३ का, ते सांगते. ४३ ते ४६ म्हणजे ३६ इंच. तासाला ६ धरले तर सहा तास. शेवटच्या कामांना दोन तास पुरतात. उरलेले चार तास मी यांच्या "बघू"साठी ठेवलेत. माणसाचा स्वभाव बदलत नाही, म्हणून तो हिशोबात धरायचा. तुमच्या घरात "बघू" म्हणणारी दोन माणसं असतील तर आकडा आणखी एक फूट खाली घ्या.

३५ चा टप्पा लोकांना फार लवकरचा वाटतो, पण माझ्या मते खरा टप्पा तोच. त्या वेळी घर सोडायचं नसतं, फक्त मागं फिरवता येतील अशी कामं करायची असतात. गाडीत पेट्रोल, हातात हजार-दोन हजार रोख, फोन चार्ज, नणंदेला फोन. आणि टेम्पो. टेम्पोचं गणित साधं आहे. पाणी ३५ ला असताना आमचा टेम्पोवाला सहाशे रुपयांत हसत येतो. ४२ ला असताना गावभाग, खणभाग, मारुती चौक, सगळीकडनं त्याला एकदम फोन येतात, मग तीन हजार देऊनही तो उचलत नाही. वाहन ठरवायची वेळ म्हणजे कुणालाच वाहन लागत नाही ती वेळ.

गिरणीवाल्यांसाठी आणखी एक. लोकांचे डबे. डब्यावर खडूनं नाव घालून माणूस विश्वासानं गहू ठेवून जातो. २०१९ ला माझ्याकडं एकोणीस डबे बुडाले. त्यातला एक लग्नाघरचा होता, वीस किलो बेसनाची डाळ. कुणी एक शब्द बोललं नाही, त्यांची स्वतःची घरं बुडाली होती. पण मला अजून ते डबे दिसतात, फुगून झाकणं उडालेले. म्हणून चिठ्ठीतलं पहिलं काम डबे बंद. तुमच्याकडं शिलाईला आलेले कपडे असतील, दुरुस्तीला आलेले मोबाइल असतील. दुसऱ्याची वस्तू आधी.

आता भिलवडी का, ते. कृष्णेचं पाणी कराडकडून येतं. कराडचा कृष्णा पूल, मग बहे, ताकारी, भिलवडी आणि मग आपला आयर्विन. पुढं अंकली, म्हैसाळ. पाटबंधारे खात्याच्या तक्त्यात या सगळ्या ठिकाणची पातळी ओळीनं येते. सगळं गाव आयर्विनचा आकडा बघतं, पण आयर्विन म्हणजे आत्ता काय झालंय ते. पुढं काय होणार ते वर दिसतं. कराड उतरायला लागलं, बहे उतरलं, भिलवडीला थांबलं की आपल्याकडं अजून चढत असलं तरी जीव थोडा खाली पडतो. उलट आपल्याकडं पाणी थांबलंय आणि भिलवडीला पुन्हा चढतंय, तर ते थांबणं खरं नाही. तसंच वरच्या कोयना धरणाचं. नुसते पायथ्याच्या वीजगृहातले २१०० क्युसेक सुटलेत म्हणून कुणी घाबरत नाही, पण सहा वक्र दरवाजे उचलले अशी बातमी आली की मी वेग बघायच्या आधीच ३५ ची कामं सुरू करते.

आणि वारणा विसरू नका. हरिपूरला वारणा कृष्णेत येते, म्हणजे आपल्या खाली. वारणेवरच्या चांदोली धरणातून पाणी सुटलं आणि वारणा भरून वाहत असली की कृष्णेला फूग येते, पाणी पुढं सरकत नाही. अशा वेळी वरून येणारं पाणी कमी झालं तरी उतार लागत नाही. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं आपल्याकडं पूर येतो का, यावर आमच्या गल्लीत तीन पक्ष आहेत आणि तिन्ही पक्षांकडं व्हॉट्सॲपवरचे नकाशे आहेत. मी त्यात पडत नाही. वाद खरा असो की खोटा, माझ्या चौकात पाणी किती वाजता येतं ते त्यानं बदलत नाही.

व्हॉट्सॲपवरनं आठवलं. पुरात बातमी कुठली धरायची, हेही आधीच ठरवा. आमचा नियम असा की ज्या मेसेजवर तारीख, वेळ आणि ठिकाण तिन्ही नाही, तो मेसेज नाहीच. २०२४ ला २०१९ चे व्हिडिओ फिरत होते, त्यात माझी स्वतःची गिरणी बुडालेली दिसत होती आणि मी त्याच गिरणीत उभी राहून तो बघत होते! "धरण फुटलं" असा रडका आवाज आला तर १०७७ ला फोन लावा, तो जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर आहे. जीव धोक्यात असेल तर ११२. मात्र एक फरक ठेवा. "निघू नका, काही होत नाही" अशी बातमी दोनदा तपासायची. "निघा" म्हणून महापालिकेची गाडी भोंगा वाजवत आली तर तपासत बसायचं नाही. भोंगा आला की आपला आकडा रद्द, मग चिठ्ठीत काहीही असो.

रात्रीबद्दल वेगळं सांगते, कारण आम्ही रात्रीच फसलो. दिवसा माणूस दर तासाला पाणी बघतो. रात्री अकराला बघतो आणि एकदम पहाटे पाचला. मध्ये सहा तास. तासाला ६ इंच धरले तर तीन फूट. आमच्या ४३ आणि ४६ मधलं सगळं अंतर झोपेत संपतं. म्हणून संध्याकाळी सहा वाजता बसून हिशोब करायचा, आत्ता आहे त्यात पहाटेपर्यंतचे सहा फूट मिळवायचे. बारा तास, तासाला ६ इंच. बेरीज आपल्या आकड्याच्या वर गेली की सहालाच निघायचं, उजेड असेपर्यंत. एवढं चढत नाही बहुतेक वेळा. पण अंधारात, लाइट गेलेली असताना, सासूबाईंना घेऊन वर अडकून बसणं मी एकदा करून बघितलंय.

बोटीवर भरवसा ठेवू नका, हे मात्र हात जोडून सांगते. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली आणि घर सोडून निघालेली माणसं बुडाली. बोट जास्त भरली होती. त्या दिवशी आम्ही नणंदेच्या घरी होतो, आदल्याच दिवशी बोटीतून उतरलेलो. आत्यांनी बातमी ऐकली आणि टीव्ही बंद करायला सांगितला. बोट आली म्हणजे वेळ टळून गेलेली असते, एवढंच मी त्यातून घेतलं. चाकावर निघायचं.

मग चिठ्ठीतली शेवटची ओळ. एकानं चला म्हटलं की चला. पूर्वी आमच्याकडं उलटं होतं, निघायचं तर सगळ्यांनी हो म्हणायचं. त्यामुळं एकानं "बघू" म्हटलं की सगळे थांबायचे. आता राहायचं असेल तर चौघांचं एकमत पाहिजे, निघायला एक पुरे. मग तो एक सोळा वर्षांची लेक का असेना. तिला हा अधिकार दिल्यावर हे थोडे फुगले होते. पण २०२१ ला तीच कामी आली. जुलैच्या त्या आठवड्यात पाणी फार झपाट्यानं चढलं. कोरोनाचे दिवस, नणंदेकडं जायचं म्हणजे त्यांच्या घरातल्यांना धोका नको म्हणून मीच कचरत होते. मोटर टेम्पोतून गेली होती, आत्या मात्र "उद्या सकाळी जाते" म्हणत होत्या. लेकीनं सहाचा हिशोब मांडला, वही माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "आई, चला." बस्स. मास्क लावून साडेसातला रिक्षात. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या आसपास गेलं. गिरणीत पुरुषभर पाणी होतं, पण आत होते फक्त दगड आणि रिकामं टेबल.

आणि खोटा निघालेला पूर? तो येणारच, त्याची तयारी करा. २०२४ च्या जुलैअखेर पाणी ४० च्या आसपास गेलं. चिठ्ठीप्रमाणं आत्या गेल्या, मोटर गेली. पाणी तिथंच खेळलं आणि उतरलं. समोरचे काका गॅलरीतून म्हणाले, "काय वहिनी, झाली का सहल?" तीन दिवस गिरणी बंद, टेम्पो येऊन-जाऊन, मोटर परत बसवायला मिस्त्री, सगळं मिळून साडेपाच हजार गेले. मी ते वहीत लिहिले. त्याच पानावर वर २०१९ चा खर्च आहे: मोटर रिवाइंडिंग, नवा स्टार्टर, दगड, वायरिंग, फ्रिज, दोन लाखांच्या वर. म्हणजे पस्तीसएक वेळा उगाच निघाले तरी एका पुराएवढा खर्च होत नाही. काकांना मी हे सांगितलं नाही, त्यांच्याकडं दळण अजून माझ्याकडूनच जातं.

पण चिडून आकडा बदलायचा नाही. हे आम्हाला २०२४ ला कळलं. परत आल्या आल्या हे म्हणाले, "पुढच्या वेळी ४० चा ४२ करू." मी म्हटलं, मे महिन्यात बोलू. आकडा पुरात बदलायचा नाही आणि पूर ओसरल्यावर पंधरा दिवसांत तर नाहीच, कारण तेव्हा एकतर भीती असते नाहीतर लाज. मेमध्ये नटांना तेल सोडताना चिठ्ठी खाली काढायची, वाचायची, काय बदललंय ते बघायचं. चौकात रस्ता उंच केला असेल, गटार नवीन असेल, घरात कुणी आजारी असेल. यंदा आत्यांना वॉकर आलाय, म्हणून पंचवीसची पस्तीस मिनिटं केली.

परत कधी यायचं, याचाही आकडा ठेवा, पण थोडक्यात सांगते. पाणी घरातून गेलं म्हणून यायचं नाही. भिलवडीपर्यंत सगळीकडं उतार पाहिजे, नाहीतर पाणी पुन्हा चढतं. दिवसा यायचं, काठी घेऊन, कारण पोत्यांखाली साप असतात. वायरमननं बघितल्याशिवाय मेन चालू करायचं नाही. म्हाताऱ्या माणसांना चिखल काढून होईपर्यंत आणायचं नाही, कितीही हट्ट केला तरी. आमच्या आत्यांनी २०२१ ला रिक्षा करून एकटीनं यायची धमकी दिली होती.

हे सगळं सांगलीचं झालं, जिथं पाणी सांगून येतं. सगळीकडं तसं नसतं. माझी मावसबहीण चिपळूणला असते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत पहाटेच्या अंधारात शिरलं. तिथं पुलाजवळची पातळी बघत दोन दिवस काढायला वेळच नसतो. तिचा नियम वेगळा आहे: दिवसभर न थांबता पाऊस आणि रात्री भरती असेल, तर झोपायलाच वरच्या मजल्यावर, गाडी संध्याकाळीच उंचावर. डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांचं आणखी वेगळं. जमिनीला भेग दिसली, झाडं-खांब कललेले दिसले, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, की आकडे मोजत बसायचं नाही, तसंच उठायचं. तुमच्याकडं धोका कुठल्या पावलानं येतो ते तुम्हालाच माहीत. फक्त ते पाऊल कुठलं धरायचं, ते कोरड्या दिवशी कागदावर लिहा आणि घरातल्या सगळ्यांच्या सह्या घ्या.

गेल्या पावसाळ्यात एक गंमत झाली. पाणी पस्तीसला जायच्या बेतात होतं, मी सकाळी डबे परत द्यायला सुरुवात केली. दुपारी बघते तर समोरच्या किराणा दुकानात पोती वर चढवायला लागलेली, पलीकडची शिक्षिका रिक्षावाल्याशी बोलतेय आणि गॅलरीतले काका गाडी काढून रस्त्यावर. म्हटलं, "काका, कुठं?" म्हणाले, "काय नाही, गाडी जरा विश्रामबागला लावून येतो. गिरणी बंद झाली ना."

त्यांचा डबा माझ्या हातात होता. पाच किलो ज्वारी, न दळलेली. तो तसाच त्यांच्या डिकीत ठेवला.